ऋषीच्या भाजीत इतिहास शिजतो



आजच्या गप्पा परसबागेच्या आहेत. पण वाफा कसा करायचा, खत किती घालायचं, हे आज आम्ही सांगणार नाही. ते तुम्हाला आमच्याइतकंच ठाऊक आहे. आज आपण एक वेगळा प्रश्न विचारू. घरामागच्या या चार वाफ्यांना इतिहास आहे का? आणि असेल, तर तो कुठे सापडतो?

गावच्या दप्तरात तो सापडत नाही. शेताला सातबारा असतो, त्यावर कोणतं पीक घेतलं याची नोंद होते. घर मात्र गावठाणात. तिथे न्हाणीच्या पाण्यावर पोसलेलं अळू, कुडावर चढलेला दोडका, उकिरड्याच्या कडेला पसरलेला भोपळा, यांची नोंद कुठल्याच कागदावर नसते. त्या भाजीवर बाईने किती दिवस कालवण भागवलं, किती जुड्या बाजारात विकून मीठ-मिरची आणली, तेही कुणी लिहिलेलं नाही. म्हणून आपल्याला हा इतिहास दुसऱ्या ठिकाणी शोधावा लागतो. मातीत, सणात, शब्दात आणि बियांच्या गाडग्यात.

आधी माती बघू. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन केलं. जमिनीखाली सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती मिळाली. घरं, चुली, धान्य साठवायच्या कणग्यांच्या जागा. जळून कोळसा झालेले दाणेही मिळाले, कारण जळलेला दाणा कुजत नाही. त्यात जव होता, मसूर होता, कुळीथ होता. आणि बोरंही होती! म्हणजे आपल्या पोरी आज बांधावरची बोरं ओच्यात भरून आणतात, ते काम साडेतीन हजार वर्षं चालू आहे.

आता सणाकडे येऊ. भाद्रपदात ऋषिपंचमी येते. या व्रतामागच्या विटाळाच्या समजुती आम्हाला पटत नाहीत, ते आम्ही पूर्वीही बोललो आहोत. पण त्या दिवशीच्या ताटाकडे नीट बघा. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, असा त्या दिवसाचा नियम. नांगरटीचं धान्य नाही, मोटेच्या पाण्यावरचं काही नाही. मग खायचं काय? जे हाताने खणून, हाताने लावून वाढलं ते. म्हणजेच परसातलं! अळू, माठ, अंबाडी, भेंडी, पडवळ, दोडका, सुरण, लाल भोपळा, मक्याचं कणीस. आम्हाला तर ही परसबागेची सगळ्यात जुनी यादी वाटते. ती कागदावर नाही, पण सासू सुनेला तोंडी सांगत आली.

आता त्याच यादीतली दोन नावं वेगळी काढा. लाल भोपळा आणि मका. ही दोन्ही आपल्या देशातली नव्हेत. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, त्यानंतर समुद्रापलीकडची कितीतरी झाडं आपल्या किनाऱ्यावर उतरली. मिरची तिकडचीच. पपई, पेरू, बटाटा, टोमॅटो, सगळी तिकडची. मिरची येण्याआधी आपल्या कालवणाला तिखटपणा यायचा तो मिरी, पिंपळी आणि आल्याचा. आज मिरचीशिवाय ठेच्याची कल्पना करून बघा!

शब्दांतही हा प्रवास दिसतो. बटाटा हा शब्द थेट पोर्तुगीज भाषेतून आला. मिरचीला मात्र आपल्या लोकांनी ओळखीच्या मिऱ्यावरून नाव दिलं. टोमॅटोला काही भागांत बेलवांगी म्हणायचे, काही भागांत भेदरं म्हणतात. नवं झाड आलं की ते आपल्या जुन्या झाडाच्या नात्यात बसवायचं, ही आपली रीत. नव्या सुनेला सासरचं नाव मिळावं तसं.

बंदरापासून परसापर्यंत हे बी कसं पोहोचलं, ते कुणी लिहून ठेवलं नाही. जहाजांची आणि राजांची नावं पुस्तकात आहेत. पण परक्या मुलखातला भोपळा ऋषीच्या भाजीत जाऊन बसतो, ते काही राजाच्या हुकुमाने होत नाही. कुणीतरी तो आधी परसात लावला असणार, शिजवून बघितला असणार, लेकरांना मानवतो का ते पाहिलं असणार, आणि मग बी धुऊन शेजारणीला दिलं असणार. हे काम कुणाचं, ते तुम्हीच सांगा.

थोडं महाबळेश्वरबद्दल. इंग्रजांनी १८२८-२९ च्या सुमारास तिथे थंड हवेचं ठाणं वसवलं. पुढे तिथे तुरुंग होता आणि त्यात चिनी व मलायी कैदी ठेवले होते. तो १८६४ मध्ये बंद झाला. हे कैदी तिथल्या बागांत बटाटे आणि विलायती भाज्या पिकवत. स्ट्रॉबेरीही त्या डोंगरावर आली ती इंग्रजांच्या काळात. २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे त्या भागाचं फळ म्हणून कायद्याने ओळख मिळाली. सातासमुद्रापलीकडचं फळ शंभर-दीडशे वर्षांत आपल्या मातीचं झालं. आणि सह्याद्रीत आधीपासून असलेलं करवंद? ते अजून डोंगरातल्या बायका पानांच्या द्रोणात घालून रस्त्याकडेला विकतात. आमचं म्हणणं एवढंच, की परसाच्या कडेला कुंपण म्हणून करवंदाची जाळी लावा. गुरं आत येत नाहीत आणि उन्हाळ्यात पोरांना रानमेवा मिळतो.

म्हणजे ‘गावरान’ म्हणजे काय? जे कायम इथलंच होतं तेवढंच गावरान, असं म्हटलं तर आपला ठेचाही गावरान राहणार नाही. आम्ही त्याचा अर्थ असा लावतो : ज्याचं बी आपण धरलं, राखेत घोळून ठेवलं, शेणात थापून भिंतीला लावलं, वाळक्या भोपळ्यात भरून आढ्याला टांगलं आणि पुढच्या मृगाला पुन्हा पेरलं, ते गावरान. बी घरात राहिलं की झाड आपलं होतं.

आणि इथेच आज काळजीची गोष्ट आहे. गेल्या साठेक वर्षांत संकरित बियाणं आलं. त्याला आम्ही सरसकट नावं ठेवत नाही. त्याचं उत्पन्न बऱ्याचदा जास्त असतं, शेतात त्याने घरं चालवली आहेत. पण दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून आलेल्या झाडाचं बी धरून लावलं, तर पुढची सगळी झाडं त्याच्यासारखी येत नाहीत. म्हणून दरवर्षी पाकीट विकत आणावं लागतं. परसातही पाकीट आलं आणि आजीचं गाडगं रिकामं झालं. गाडग्याबरोबर ज्ञानही जातं. बियाण्याचं वांगं झाडावर पिवळं पडेपर्यंत तोडायचं नाही; दुधीचे दोन वाण जवळजवळ लावले की मधमाश्या त्यांची भेसळ करतात; हे कुठल्या पाकिटावर लिहिलेलं असतं?

हे थांबवता येतं, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी घरातलं, शेजारपाजारचं गावठी बी गोळा केलं, त्याची बँक उभी केली, बायकांना बी वाटलं. २०२० साली सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली. कायदाही आपल्या बाजूने आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचं बी छापील नावाच्या पाकिटात घालून विकता येत नाही, एवढीच अट.

तेव्हा मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एक बी आणा. मूठभर नको, चिमूटभर चालेल. गटाच्या रजिस्टरमध्ये बचतीच्या हिशोबामागे एक कोरं पान काढा. त्यावर लिहा : बी कशाचं, कुणाकडून मिळालं, कोणत्या गावाहून आलं, कधी पेरायचं, कसं राखायचं. माहेरहून आणलेलं असेल तर माहेरचं नाव लिहा. बी देणाऱ्या आजीचं नावही पूर्ण लिहा, नुसतं ‘अमक्याची आई’ नको. लिहिता येत नसेल तिने सांगावं, दुसरीने लिहावं. मग बिया वाटून घ्या आणि जिने घेतलं तिने पुढच्या वर्षी दुप्पट बी परत करायचं ठरवा.

सातबाऱ्यावर जे नाही, ते त्या पानावर येईल. तुमच्या गटात कोणकोणत्या बिया निघाल्या ते आम्हाला कळवा. पुढच्या एखाद्या भागात ती यादी आम्ही वाचून दाखवू, आज्यांच्या नावांसकट.