तबकातील अरण्य आणि स्वभावोक्तीचा प्रश्न

मराठी समीक्षेत आणि ललित लेखनात 'बोन्साय' हा शब्द वस्तू म्हणून क्वचित, रूपक म्हणून वारंवार येतो. खुंटवलेली वाढ, छाटलेल्या आकांक्षा, कुंडीत कोंडलेले व्यक्तिमत्त्व असे सांगायचे असले की हा शब्द हाताशी तयार असतो. रूपक इतके रुळले की मूळ वस्तूकडे पाहण्याची गरज कुणाला वाटेनाशी झाली. त्यातही एकट्या झाडाचे बोन्साय तेवढे आपल्या डोळ्यांसमोर येते. एकाच पसरट तबकात सात, नऊ, अकरा झाडे, खडक आणि शेवाळ मांडून उभे केलेले अरण्य हा या कलेचा दुसरा आणि आमच्या मते साहित्याच्या अभ्यासकांसाठी अधिक विचारप्रवर्तक प्रकार आहे. हे अरण्य 'नैसर्गिक दिसावे' अशी त्याची पहिली अट असते. माणसाने रचलेली गोष्ट नैसर्गिक दिसते म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला परका नाही. प्रस्तुत लेखात या तबकाचा इतिहास थोडक्यात पाहून तो प्रश्न आम्ही ज्या बुलढाणा जिल्ह्यात शिकवतो तिथल्या भूमीवर आणून ठेवण्याचा विचार आहे.

१

प्रथम शब्दांकडे पाहू. जपानी 'बोन्साय' म्हणजे तबकातील लागवड. त्याहून जुना चिनी शब्द 'पेनजिंग', म्हणजे तबकातील दृश्य. पहिल्या शब्दात झाड मध्यवर्ती आहे, दुसऱ्यात प्रदेश. मराठीत आपण 'वामनवृक्ष' म्हणतो आणि त्यात तिसराच अर्थ येतो. वामन हा केवळ खुजा नव्हे. तीन पावलांत त्रिभुवन व्यापण्याची शक्यता त्या बटुरूपात दडलेली आहे. लहानात मोठे सामावते हा या कलेचा दावा आपल्या शब्दाने नकळत नेमका पकडला आहे.

चीनमधील शान्शी प्रांतात इ. स. ७०६ मधील राजपुत्र झांगहुआय याच्या समाधीत एक भित्तिचित्र आहे. त्यात एक सेवक हातात तबक घेऊन उभा आहे आणि तबकात खडक व इवलीशी झाडे आहेत. जपानमध्ये १३०९ च्या 'कासुगा गोंगेन गेन्की' या चित्रपटात अशीच तबके दिसतात. म्हणजे खडक आणि झाड यांची जोडी आरंभापासूनची आहे. एकट्या झाडाचे कौतुक मागाहून वाढले.

२

मात्र हा इतिहास केवळ सौंदर्याचा नाही. सोंग घराण्याचा सम्राट हुइझोंग स्वतः उत्तम चित्रकार होता. त्याने १११७ ते ११२२ या काळात कायफेंग या राजधानीत 'गेनयुए' नावाचा कृत्रिम पर्वत उभारला. साम्राज्यातील उत्तमोत्तम डोंगर, दऱ्या आणि वने तिथे लहान रूपात एकवटावीत अशी कल्पना होती. त्यासाठी दक्षिणेतील ताई सरोवराच्या परिसरातून पाण्याने भोके पाडलेल्या प्रचंड चुनखडी शिळा कालव्यांतून आणल्या गेल्या. शिळा मोठी आणि पूल ठेंगणा असेल तर पूल पाडला जाई. या वाहतुकीच्या जाचामुळे माजलेल्या असंतोषातून ११२० मध्ये फांग ला याचे बंड उभे राहिले. पुढे ११२७ मध्ये जिन सैन्याने राजधानी घेतली. त्या वेढ्याच्या काळात बागेतील झाडे सरपणाला गेली आणि शिळा फोडून दगडफेकीच्या यंत्रांत वापरल्या गेल्या. निसर्गाच्या प्रतिकृतीसाठी खरा निसर्ग आणि खरी माणसे किती खर्ची पडू शकतात, याचे याहून ठळक उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

दुसरा आक्षेप साहित्यातूनच आला. केन्को या जपानी भिक्षूच्या १३३० च्या सुमाराच्या 'त्सुरेझुरेगुसा' या ग्रंथात हिनो सुकेतोमो या दरबाऱ्याची हकीकत आहे. पावसापासून आडोसा म्हणून तो एका मंदिराच्या दाराशी थांबला असता तिथे हातपाय वाकलेले भिकारी त्याला दिसले. प्रथम त्याला त्यांच्या विलक्षणपणाचे कुतूहल वाटले, मग ते ओसरले आणि साधे-सरळ तेच चांगले असे त्याच्या मनाने घेतले. घरी जाऊन त्याने हौसेने जमवलेली वेडीवाकडी कुंडीतील झाडे टाकून दिली. पाच शतकांनंतर, १८३९ मध्ये, चिनी लेखक गोंग झिझेन याने आजारी मेईवृक्षांवर एक छोटासा निबंध लिहिला. रसिकांना वाकडे आवडते म्हणून बागवान सरळ झाडे कापतात, वाकवतात, रोगट करतात. आपण अशा तीनशे कुंड्या विकत घेतल्या, त्या फोडल्या आणि झाडे जमिनीत लावली, असे तो सांगतो. वाचकांना कळले होते की हे झाडांविषयी आहे आणि राजसत्तेने खुरटवलेल्या बुद्धिमंतांविषयीही आहे. आपल्याकडचे बोन्सायचे रूपक अशा प्रकारे एका जुन्या आणि सन्मान्य परंपरेत बसते, मग ते वापरणाऱ्याला ठाऊक असो वा नसो.

३

या आक्षेपाला तबकातील अरण्याने काही उत्तर दिले आहे का? आम्हाला वाटते, दिले आहे आणि ते रचनेच्या तंत्रातच आहे.

अरण्य रचताना झाडे सहसा विषम संख्येत घेतात. सर्वांत जाड आणि उंच झाड मध्यभागी न ठेवता एका बाजूला, किंचित पुढे रोवतात; बारीक आणि ठेंगणी झाडे मागे सरकवतात, म्हणजे खोली भासते. कोणतीही तीन खोडे समोरून एका रेषेत येऊ देत नाहीत. दोन झाडांमधील अंतरे सारखी नसतात. दाट पुंजका, मग मोकळी जागा, मग पुन्हा पुंजका. ही मोकळी जागा छंदातील यतीसारखी असते. ती नसेल तर सगळे एका दमात म्हटल्यासारखे होते. दगड मातीवर नुसता ठेवत नाहीत, त्याचा बराचसा भाग पुरतात, म्हणजे तो जमिनीतून वर आल्यासारखा दिसतो. सगळ्या दगडांच्या शिरा एकाच दिशेने वाहायला हव्यात. शेवाळ हिरव्या सतरंजीसारखे पसरत नाहीत. ते तुकड्यातुकड्यांनी लावतात, मध्ये माती आणि बारीक खडी उघडी ठेवतात. वाट काढायची असेल तर ती पुढे रुंद, मागे अरुंद आणि वळणाआड नाहीशी होणारी.

या रचनेत एक गोष्ट विशेष आहे. ज्या झाडाला एकाच बाजूला फांद्या आहेत, ज्याचे खोड बारीक आणि सरळसोट आहे, असे झाड एकट्याने कुंडीत उभे केले तर सदोष ठरते. अरण्यात मात्र त्याची जागा निघते. फांद्या नसलेली बाजू आतल्या अंगाला, फांद्यांची बाजू उजेडाकडे. खऱ्या वनातही कडेची झाडे अशीच असतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये तोशिओ कावामोतो यांनी 'सायकेइ' ही तबकदृश्याची पद्धत रूढ केली, तिचा आधार हाच होता. जुनी, मौल्यवान झाडे दुर्मीळ आणि महाग झाली होती; कोवळी, स्वस्त रोपे खडकांसह मांडून सामान्य माणसालाही दृश्य उभे करता आले. अमेरिकेत जॉन नाका यांनी आपल्या नातवंडांच्या संख्येइतकी, म्हणजे अकरा, जुनिपरची झाडे एका तबकात वाढवली. 'गोशिन' नावाचे हे अरण्य त्यांनी १९८४ मध्ये दान केले आणि ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानातील संग्रहालयात आहे. गोंग झिझेनला एकट्या झाडाचा छळ दिसला. इथे झाडांचे परस्परांशी नाते हाच विषय होतो. छाटणी इथेही आहे, हे नाकारायचे कारण नाही. पण सौंदर्य विकृतीत शोधलेले नाही.

४

आता मूळ प्रश्न. भारतीय काव्यशास्त्रात वस्तूचे जसेच्या तसे वर्णन म्हणजे 'स्वभावोक्ती'. दंडीने तिला अलंकारांत पहिले स्थान दिले. कुंतकाने 'वक्रोक्तिजीवित'मध्ये तिचे अलंकारपद नाकारले. त्याचा युक्तिवाद असा की वस्तूचा स्वभाव हे तर काव्याचे शरीर. शरीरच अलंकार मानले तर तो सजवणार कशाला? कुणी स्वतःच्याच खांद्यावर चढून बसू शकत नाही. वर्गात हा वाद शिकवताना तो बहुधा निव्वळ वर्गीकरणाचा वाटतो. तबकातील अरण्य समोर ठेवले की त्यातली धग कळते.

कारण तबकातले 'जसेच्या तसे' हे कधीच जसेच्या तसे नसते. उदाहरण घेऊ. बुलढाणा जिल्ह्यातील वने प्रामुख्याने सागाची. पण सागाचे वन तबकात दाखवायचे तर साग वापरता येत नाही. त्याचे पान हातभर. वीतभर उंचीच्या खोडावर ते छत्रीसारखे दिसेल आणि सारे प्रमाण कोसळेल. मग चिंच, बाभूळ, शमी किंवा कामिनी अशा लहान पानांच्या झाडांतून सागाच्या वनाचा भास निर्माण करावा लागतो. सत्य सांगण्यासाठी दुसऱ्याची वाणी घ्यावी लागते. कुंतकाची बाजू घेणारा म्हणेल, पाहा, ही वक्रताच आहे. दंडीची बाजू घेणारा म्हणेल, पण पाहणाऱ्याला वक्रता दिसत नाही, स्वभावच दिसतो, आणि अलंकाराचे यश तेच. आम्ही दुसऱ्या बाजूकडे झुकतो.

आपल्याकडील दिवाळीच्या किल्ल्याशी तुलना केली तर हा फरक स्पष्ट होतो. महाराष्ट्राच्या अनेक भागांत, विशेषतः पश्चिमेकडे, मुले दगडमातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवतात. तिथे सिंहासनावरचे महाराज दरवाजापेक्षा उंच असतात आणि कुणाला खटकत नाही, कारण आकार तिथे महत्त्वावरून ठरतो. किल्ला ही अतिशयोक्ती आहे, निःसंकोच आणि आनंदी. तबकातील अरण्याला ती मुभा नाही.

५

नैसर्गिकतेची कल्पनाही उसनी असू शकते. या कलेच्या बहुतेक पुस्तकांत शेवाळाची मऊ हिरवाई अनिवार्य मानलेली दिसते. तिच्यामागे क्योतोच्या साइहोजी मंदिरासारखी उद्याने आहेत. गंमत अशी की मुसो सोसेकी यांनी १३३९ मध्ये त्या उद्यानाची पुनर्रचना केली तेव्हा शेवाळ हा तिचा भाग नव्हता. पुढे देखभाल सुटली आणि दमट हवेत ते आपोआप पसरले. जगाने ज्याला आदर्श निसर्ग मानले, ती दुर्लक्षाची देणगी होती. आपल्या जिल्ह्यात शेवाळ येते ते पावसाळ्यात, बारवेच्या पायऱ्यांवर आणि देवळांच्या उत्तरेकडच्या भिंतींवर. घाटाखालच्या तालुक्यांत उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा ते काळपट पापुद्रा होऊन निपचित पडते आणि मृगाच्या सरीने पुन्हा जागे होते. बारमाही हिरवे शेवाळ असलेले बुलढाण्याचे तबक म्हणजे चैत्रात धुक्याचे वर्णन करणारी कविता.

दूरचा निसर्ग घरी आणण्याची ओढ मात्र जुनी आणि खरी आहे. अकराव्या शतकातील 'साकुतेइकी' हा जपानी उद्यानग्रंथ प्रख्यात स्थळे आठवून त्यांचे सार आपल्या बागेत उतरवायला सांगतो. पुण्यातील पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन उद्यानावरून सुचले आहे. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाने या शतकाच्या आरंभी उभारलेल्या आनंदसागरमध्ये तळ्यातील बेटावर ध्यानकेंद्र बांधले, ते कन्याकुमारीच्या विवेकानंद स्मारकाची आठवण देणारे. समुद्रापासून शेकडो कोस दूर, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, जिथे विहिरीचे पाणीही मचूळ, तिथे 'सागर' हे नाव देण्यात एका प्रदेशाची तहान बोलते. तिला आम्ही उसनेपणा म्हणणार नाही.

पण याच जिल्ह्यात निसर्गाने स्वतः रचलेले एक तबक आहे. लोणारचे विवर बेसॉल्ट खडकात उल्काघाताने झाले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. काठावर उभे राहिले की सारे दृश्य एका नजरेत मावते. उतारावर साग, कडुनिंब, सीताफळ, चिंच. गोड्या पाण्याच्या धारेजवळ दाट गारवा. खाली कमळजा देवीचे देऊळ आणि मधोमध खारे, अल्कधर्मी पाणी. काठाचे खडक आघाताने उचलले आणि उलथले गेले आहेत. एरवी आडव्या थरांत निजलेला दख्खनचा काळा दगड इथे तिरपा उभा दिसतो. खडकाच्या शिरा कशा वाहतात, कडेचे झाड कुणीकडे झुकते, मोकळी जागा कुठे पडते, हे शिकायला याहून चांगला ग्रंथ नाही. २००० मध्ये हा परिसर अभयारण्य झाला आणि २०२० मध्ये रामसर स्थळांच्या यादीत आला. तिथला दगड किंवा रोप उचलून आणणे हा गुन्हा आहेच; शिवाय ते हुइझोंगचेच अनुकरण ठरेल. तिथून आणायची ती फक्त नजर. दगड शेताच्या बांधावर पुष्कळ पडले आहेत आणि पिंपळ-उंबराची रोपे जुन्या भिंतींच्या फटींतून दरवर्षी निघतात.

साहित्याच्या अध्यापकांनी या विषयात लक्ष घालावे असे आम्हाला वाटते, त्याचे कारण इथे आहे. आमच्या वर्गातल्या मुलांना 'निसर्गवर्णन करा' म्हटले की त्यांच्या कागदावर हिरवेगार कुरण आणि झुळझुळ निर्झर येतात. ती पुस्तकांतली उसनी शेवाळे आहेत. फाल्गुनातला निष्पर्ण साग, वाळल्या पानांचा आवाज, भेगाळलेली काळी माती आणि तिच्यात एकटाच पेटलेला पळस हे त्यांनी रोज पाहिलेले असते, पण ते 'सुंदर' या सदरात मोडत नाही अशी त्यांची समजूत करून दिलेली असते. एखाद्याने पसरट तबकात बांधावरचे काळे दगड, पाने गळालेली सात बारीक झाडे आणि शेवाळाऐवजी नुसती तांबूस खडी मांडली, तर त्याने बुलढाण्याच्या उन्हाळ्याची स्वभावोक्ती केली असे आम्ही म्हणू. तिला अलंकार मानायचे की नाही, हा वाद त्या तबकाभोवती बसून पुढे चालवता येईल.