एकसारखा बार

फेब्रुवारी 1792. तुम्ही पेशव्यांचे सरदार हरिपंत फडक्यांच्या छावणीत आहात. समोर दक्षिणेला श्रीरंगपट्टण, त्याच्या पलीकडे म्हैसूर. ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉर्नवॉलिसच्या पलटणी, निजामाची फौज आणि पेशव्यांची फौज असे तिघे मिळून म्हैसूरच्या टिपू सुलतानावर चालून आले आहेत. तुमच्या कमरेला दारूचं शिंगडं, खांद्यावर लांब नळीची तोड्याची बंदूक. कावेरीकडून येणाऱ्या पहाटेच्या दमट हवेची तुम्हाला धास्ती वाटते. दारूतल्या सोऱ्यानं ओल धरली की बार फुसका.

म्हातारा जमादार समोर बसतो. "अंदाजानं ओतायचं नाही, पोरा," म्हणत तो बांबूच्या पेराचं माप पुढे करतो. तुम्ही ते शिगोशीग भरता. तो बोट फिरवून वरची शीग पाडतो. "काठोकाठ भर. शिगेचा भरवसा नाही, ती दर हाताला वेगळी."

माप नळीत रिकामं करून तुम्ही दस्ता जमिनीवर हलकेच आपटता. दारू तळाला बसते. मग चिंधीत गुंडाळलेली गोळी गजानं खाली नेता. "दाबताना जोर बदलू नकोस. पहिला बार भरलास तसाच दहावा भर." आता शिशाच्या गोळ्यांची पाळी. साच्यातून काढलेल्या गोळ्या तो एकेक करून सपाट दगडावर सोडतो. सरळ घरंगळते ती पिशवीत जाते, डुगडुगते ती पुन्हा वितळायला. आत हवेची पोकळी राहिली की गोळी एका बाजूला हलकी होते आणि वाट सोडते. शेवटी कानाशी चिमूटभर रंजक घालायची आणि तोड्यावर फुंकर मारायची. बार उडतो, धुरानं डोळे चुरचुरतात. या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळूनही घन रूपात उरतो, काही धुरातून जातो आणि काही काजळी म्हणून नळीत राहतो. त्यामुळे दोन-चार बारांनंतर गोळी नळीत अडकत उतरते. तुम्ही न सांगता नळी पुसायला घेता आणि जमादाराची मान डोलते.

शेजारी कंपनीचा शिपाई कागदी काडतूस दातांनी फोडतो. त्यातलीच थोडी दारू चापापाशी घालतो आणि उरलेली नळीत ओततो. तुमचा एक बार होईतो त्याचे कितीतरी होतात. पण चापापाशी कमीजास्त पडलं की नळीतलं मापही बदलतं. पलटणीच्या सरबत्तीत हे खपून जातं, एकट्याच्या नेमात खपत नाही.

6 तारखेच्या रात्री हल्ला होतो. टिपूचे अग्निबाण आकाशात सळसळतात. लोखंडी नळीत दारू घट्ट ठासता येते, म्हणून त्यांचा पल्ला मोठा आहे. पण शेपटाला बांबू बांधलेला बाण कुठे उतरेल, हे सोडणाऱ्यालाही सांगता येत नाही. ताकद आणि अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुम्हाला त्या उजेडात स्पष्ट दिसतं.

आता वर्षं पुढे पळवा. 1869 मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहतो. टोपी, दारू आणि गोळी पितळेच्या एकाच कवचात बसतात. माप कारखान्यात गेलं, पण नेमबाजाची त्याच्यावरची नजर हटली नाही.

1 ऑगस्ट 2024, फ्रान्समधलं शातोरू. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसळे रायफल नेमबाजीत 451.4 गुणांसह ऑलिम्पिक कांस्यपदक जिंकतो. त्याच्या प्रकारातलं पॉइंट टू टू काडतूस हातानं पुन्हा भरण्याजोगं नसतं, कारण पेट घेणारं मिश्रण त्याच्या कडेतच बसवलेलं असतं. म्हणून या खेळातले नेमबाज रायफल पकडीत घट्ट बसवून वेगवेगळ्या लॉटची काडतुसं झाडून बघतात आणि जो लॉट लक्ष्यावर छिद्रांचा सर्वांत लहान घोळका देतो, तोच स्पर्धेसाठी राखतात. दगडावर गोळी घरंगळवून पाहणाऱ्या जमादाराचीच ही पारख.

तीनशे मीटर किंवा हजार यार्डांच्या स्पर्धांसाठी मोठ्या बोअरची काडतुसं परदेशात अनेक नेमबाज स्वतः भरतात. तिथे दारू ग्रेनमध्ये तोलतात. एक ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज. ती दारू 1792 च्या काळ्या दारूपेक्षा फार जोरकस, म्हणून जुना अंदाज तिथे जिवावर बेततो. नवशिका अधिकृत पुस्तकातल्या सर्वांत कमी मापापासून सुरुवात करतो, एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि प्रत्येक बदल वहीत टिपतो.

भारतात काडतूस बनवायला 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना लागतो. त्याशिवाय या वाटेला जाऊच नका. पण मापाची शिस्त आजपासून अंगी बाणवता येते. कोणत्या लॉटनं कसा घोळका दिला, हवा कशी होती, नळी कधी पुसली, हे सगळं लिहून ठेवा. नेम चुकला की आपण आधी हाताला दोष देतो. वही चोख असेल तर दोष हाताचा की काडतुसाचा हे ठरवता येतं आणि सुधारणा तिथूनच सुरू होते.