अन्नकचऱ्यापासून बायोगॅस

अन्नकचऱ्यापासून बायोगॅस म्हणजे उरलेले अन्न, फळे-भाज्यांचे टाकाऊ भाग, खराब झालेले पीठ, अखाद्य पेंड यांचे हवाबंद टाकीत जिवाणूंकडून विघटन घडवून मिळविलेला ज्वलनशील वायू होय. त्यात सुमारे ५० ते ७० टक्के मिथेन असतो. उरलेला भाग मुख्यतः कार्बन डायऑक्साइडचा. महाराष्ट्रात हा वायू 'गोबर गॅस' याच नावाने परिचित असल्यामुळे तो शेणावाचूनही तयार होतो, ही गोष्ट बराच काळ दुर्लक्षित राहिली.

पार्श्वभूमी

मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रयस्थानात १८९७ मध्ये मैल्यापासून मिळणारा वायू वापरात आणला गेला होता. पुढे जशभाई पटेल यांच्या आराखड्यावर आधारलेली, तरंगत्या झाकणाची शेणावर चालणारी संयंत्रे खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६० च्या दशकापासून देशभर पोहोचविली. त्यांत शेणाइतकेच पाणी कालवावे लागते. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात गोठ्यात पुरेशी जनावरे आणि उन्हाळ्यातही पुरेसे पाणी, हा योग प्रत्येक घरी जुळत नाही.

कर्वे यांचे संशोधन

वनस्पतिशास्त्रज्ञ आनंद दिनकर कर्वे (जन्म १९३६) हे पुण्याच्या ॲप्रोप्रिएट रुरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट (आरती) या संस्थेचे संस्थापक होत. त्यांचा विचार वरकरणी अगदी साधा आहे. मिथेन निर्माण करणारे जिवाणू गुरांच्या पोटात वाढतात आणि शेण हा गुरांनी पचवून उरलेला चोथा असतो. मग जिवाणूंना चोथ्याऐवजी अन्नच का देऊ नये? या विचारातून २००३ च्या सुमारास पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थांवर चालणारे घरगुती संयंत्र तयार झाले. एकात एक बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या दोन पाण्याच्या टाक्या, खालची सुमारे १,००० लिटरची व वर उपडी घातलेली सुमारे ७५० लिटरची, एवढाच त्याचा पसारा. बाहेर पडणारे द्रव पुन्हा कालवणीसाठी वापरता येते. या कार्यासाठी संस्थेला २००६ मध्ये आश्डेन पुरस्कार मिळाला.

जेवढ्या मिथेनसाठी ४० किलो शेण लागते, तेवढा, म्हणजे सुमारे ५०० ग्रॅम मिथेन, २ किलो पिष्टमय पदार्थापासून मिळतो, असे संस्थेचे प्रतिपादन आहे. हा आकडा पुष्कळदा उद्धृत होतो, परंतु तो समजून घेऊन वापरला पाहिजे. रासायनिक हिशेबाने १६२ ग्रॅम कोरड्या पिष्टापासून जास्तीत जास्त ४८ ग्रॅम, म्हणजेच २ किलोपासून सुमारे ५९० ग्रॅम मिथेन निघू शकतो. कोरड्या पिठाच्या बाबतीत ५०० ग्रॅम ही अपेक्षा म्हणून अवास्तव नाही. शिजविलेल्या भातात मात्र दोन-तृतीयांशाहून अधिक पाणी असते. २ किलो शिळ्या भातातील कोरडा अंश सुमारे ६०० ग्रॅम. त्यापासून मिथेन फार तर पावणेदोनशे ग्रॅम, म्हणजे उष्णतेच्या दृष्टीने जेमतेम १९० ग्रॅम स्वयंपाकाच्या गॅसइतका. शेणातही सुमारे ८० टक्के पाणी असल्याने ४० किलो शेणातील कोरडा अंश ८ किलो भरतो. कोरड्याची तुलना कोरड्याशी केली, तर पिठाचा लाभ वीसपट नसून चौपट ठरतो. चौपट लाभही मोठाच आहे; परंतु टाकी बसविताना घरात रोज किती खरकटे निघते यापेक्षा त्यात कोरडा अंश किती, हे आधी पाहणे इष्ट.

टाकी आंबणे

विघटनात आधी एका गटाचे जिवाणू अन्नापासून आम्ले बनवितात आणि नंतर दुसरे त्यांचे मिथेनमध्ये रूपांतर करतात. दुसरे संथगती असतात. भात, पीठ, साखर एकदम जास्त घातल्यास आम्ले साचतात, सामू ६.५ च्या खाली उतरतो आणि वायू जवळजवळ बंद होतो. म्हणून प्रारंभी शेणकाल्याचे विरजण लावून अन्नाचे प्रमाण हळूहळू वाढवितात. शेण येथेही सुटत नाही, केवळ त्याची भूमिका बदलते! भाभा अणुसंशोधन केंद्रात शरद काळे यांनी विकसित केलेल्या 'निसर्गऋण' संयंत्रात हे दोन टप्पे वेगळ्या टाक्यांत घडविले जातात. पहिल्या टाकीत हवा व गरम पाणी देऊन कचरा लवकर विरघळविला जातो.

सोलापुरातील कच्चा माल

शेतातील प्रत्येक अवशेष टाकीत चालत नाही. तुराट्यांतील लिग्निन हवेविना जवळपास विघटित होत नाही. उसाचे पाचट बारीक न करता घातल्यास तरंगून वर साय धरते. जिल्ह्यात विपुल पिकणाऱ्या डाळिंबाच्या सालींतील टॅनिन मिथेनकारी जिवाणूंना रोधक ठरते. ज्वारीचा कडबा हा तर गुरांचा चारा आहे. तो टाकीत घालणे अनाठायी होय.

शहरातील कचऱ्यावर जैवमिथेनीकरणाने वीज निर्माण करण्यासाठी सोलापूर येथे ३ मेगावॅट क्षमतेचा प्रकल्प उभारण्यात आला. घरगुती टाकीत निवडलेले अन्न जाते. शहराच्या कचऱ्यात प्लॅस्टिक, माती व काचही येते, त्यामुळे तेथे वर्गीकरणालाच मोठे महत्त्व असते. साखर कारखान्यांतील प्रेसमड (गाळलेल्या उसाच्या सुमारे ३ ते ४ टक्के) हा त्या मानाने एकजिनसी माल आहे. केंद्र शासनाने १ ऑक्टोबर २०१८ रोजी सुरू केलेल्या 'सतत' योजनेनंतर त्यापासून शुद्ध करून दाबाखाली भरलेला बायोगॅस बनविण्याकडे कारखाने वळले. गळीत हंगाम काही महिन्यांचाच असतो आणि उघड्यावर साठविलेला प्रेसमड आपोआप कुजत राहून त्याची वायू देण्याची क्षमता घटते. त्यामुळे वर्षभर संयंत्र चालविण्यासाठी तो झाकून साठवावा लागतो.