पुरा, पूर आणि पुरे : उच्चार एक, मुळं अनेक

व्याख्यानमालेच्या आजच्या भागात आपण राजे आणि लढाया थोड्या बाजूला ठेवून एका शब्दाकडे बघणार आहोत. शब्द अगदी छोटा आहे, दोन अक्षरांचा : ‘पुरा’. छत्रपती संभाजीनगरात तो रोज कानावर पडतो. बेगमपुरा, औरंगपुरा, जयसिंगपुरा, पदमपुरा, करणपुरा. बावन्न पुरे आणि बावन्न दरवाजे, असं या शहराचं वर्णन लोक पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत. पुण्याच्या पेठा, तसे इथले पुरे.

पण मराठी माणूस ‘पुरा’ म्हणतो तेव्हा प्रत्येक वेळी त्याला वस्ती म्हणायची असते का? ‘पुरा दिवस गेला’ यातला पुरा वेगळा. ‘पुराणवस्तू’, ‘पुरातत्त्व’ यांतला पुरा आणखी वेगळा. खाम नदीला पूर येतो, तो तिसराच. पुरातत्त्वाचे अभ्यासक बेगमपुऱ्यात काम करतात खरे, पण त्यांच्या विषयाच्या नावातला ‘पुरा’ आणि त्या वस्तीच्या नावातला ‘पुरा’ यांचं काहीही नातं नाही. हे कसं, ते आधी पाहू.

मराठीत या उच्चाराखाली निदान तीन घराणी एकत्र नांदतात.

पहिलं घराणं वस्तीचं. संस्कृतात ‘पुर’ म्हणजे नगर. त्याच्याही मागे वेदकाळात ‘पुर्’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ नगर नव्हे, तर तटबंदी किंवा तटबंदीने वेढलेली जागा. सोलापूर, नागपूर, जगन्नाथपुरी आणि आपले सगळे पुरे याच घराण्यातले.

दुसरं घराणं भरण्याचं. ‘पूर्ण’, ‘पुरा’ म्हणजे सगळा, ‘पूर’ म्हणजे पाण्याने भरून वाहणं. पोळीत भरतात ते पुरण. ताटातली पुरीसुद्धा याच घराण्यातली, संस्कृतातल्या ‘पूरिका’पासून आलेली, तिचा जगन्नाथपुरीशी संबंध नाही. खड्डा भरून एखादी गोष्ट पुरतात आणि जेवण सगळ्यांना पुरतं, या दोन्हींच्या मुळाशी भरणंच आहे. त्यामुळे ‘बावन्न पुरे’ आणि ‘आता पुरे’ यांतले दोन ‘पुरे’ एकमेकांचे कोणी लागत नाहीत.

तिसरं घराणं ‘पूर्वी’चं. संस्कृतात ‘पुरा’ हे अव्यय आहे, अर्थ ‘फार पूर्वी’. त्यावरून पुराण, पुरातन. त्याचाच सख्खा भाऊ ‘पुरः’, म्हणजे समोर. ज्याला पुढे ठेवलं तो पुरोहित. जे काळात आधी तेच जागेत समोर, अशी ही जुनी कल्पना. ‘पूर्व’ शब्दात आजही दोन्ही अर्थ आहेत : पूर्व दिशा आणि पूर्वीचा काळ.

आता जरा लांब जाऊ, कारण ही तिन्ही घराणी युरोपातही सापडतात. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, लिथुआनियन या भाषा एका जुन्या भाषाकुळातल्या. त्या कुळातल्या अनेक शब्दांतला ‘ल’ आपल्याकडे ‘र’ झाला. आपला सूर्य, तर लॅटिनमध्ये ‘सोल’. हा नियम हातात धरला की ‘पुर्’चे नातेवाईक ओळखू येतात. लिथुआनियन भाषेत ‘पिलिस’ म्हणजे किल्ला. ग्रीकमध्ये ‘पोलिस’ म्हणजे नगर, ज्यावरून ‘पॉलिटिक्स’ आणि आपले पोलीसही आले. ॲथेन्सचे लोक जुन्या काळी त्यांच्या टेकडीवरच्या बालेकिल्ल्यालाच ‘पोलिस’ म्हणत. म्हणजे ग्रीसमध्येही शब्द आधी कोटाचा होता, मग शहराचा झाला. ‘पूर्ण’चे नातेवाईक म्हणजे लॅटिन ‘प्लेनुस’ आणि इंग्रजी ‘फुल’. आणि ‘पुरः’, ‘पुरा’ यांच्या दूरच्या गोतावळ्यात इंग्रजीतला ‘बिफोर’ येतो.

आता याच्या उलट बाजू बघा. ग्रीक भाषेत ‘प्यूर’ म्हणजे अग्नी. फ्रेंच ‘प्यूर’ म्हणजे शुद्ध. तो लॅटिन ‘पुरुस’वरून आला आणि आपल्या ‘पवित्र’शी त्याचं लांबचं नातं आहे. हे दोन्ही शब्द कानाला ‘पूर’च्या अगदी जवळचे, पण कोटाशी त्यांचा संबंध शून्य. सगळ्यात गमतीचं उदाहरण इराणमधलं. तिथे निशापूर नावाचं शहर आहे, उमर खय्यामचं गाव. आपल्या कानाला ते सोलापूर-कोल्हापूरच्या रांगेतलं वाटतं. पण ते नाव शापूर या सासानी राजाच्या नावावरून आलं आहे आणि शापूर म्हणजे ‘राजाचा पुत्र’. इराणी भाषेतला ‘पूर’ म्हणजे आपला ‘पुत्र’! शहराच्या नावाच्या शेवटी ‘पूर’ असूनही त्याचा अर्थ शहर नाही.

म्हणजे हिशेब असा : ‘पिलिस’ कानाला परका वाटतो, पण नात्यातला आहे, ‘निशापूर’ घरचं वाटतं, पण त्यातला ‘पूर’ आपला नाही. उच्चारावरून नातं ठरत नाही. ध्वनी कोणत्या नियमाने बदलले आणि जुन्या लेखनात शब्द कोणत्या रूपात येतो, हे तपासल्यावरच ते ठरतं.

एवढी काटेकोरपणा कशाला, असा प्रश्न मनात येईल. त्याचं उत्तर याच शब्दाच्या इतिहासात आहे. इंद्राचं एक नाव ‘पुरंदर’, म्हणजे ‘पुर्’ फोडणारा. १९४६ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी हडप्प्याला उत्खनन केलं. ते तेव्हा भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते. त्यांना तिथे बालेकिल्ल्याची भक्कम तटबंदी सापडली. मोहेंजोदडोला काही मानवी सांगाडे आधीच मिळाले होते. व्हीलर यांनी दुवा जोडला : ऋग्वेदात इंद्र जे ‘पुर्’ फोडतो, ते हेच बालेकिल्ले असले पाहिजेत. म्हणजे सिंधू संस्कृतीच्या शेवटाला आक्रमक आर्य जबाबदार. १९४७ मध्ये हा विचार छापून आला आणि लोकांच्या मनात घट्ट बसला.

पुढे काय झालं? १९६४ मध्ये जॉर्ज डेल्स यांनी त्या सांगाड्यांचा पुरावा पुन्हा तपासला. सगळी माणसं एकाच हल्ल्यात मेली, असं त्यातून सिद्ध होत नव्हतं. १९७६ मध्ये विल्हेल्म राउ यांनी वैदिक वाङ्मयातले ‘पुर्’ शब्दाचे उल्लेख एकत्र करून तपासले. त्यांच्या मते वेदांतला ‘पुर्’ म्हणजे नगर नव्हे, तर माती-दगडांचे बांध घालून केलेला, संकटकाळी आसरा घेण्याचा साधा कोट. विटांची शहरं, आखीव रस्ते यांची खूण त्या वर्णनांत नाही. एका छोट्या शब्दाचा अर्थ मोठा धरला गेला आणि त्यावर एका आख्ख्या संस्कृतीच्या संहाराची कथा उभी राहिली. ती अजूनही अधूनमधून ऐकू येते, आणि तिच्यावरून आजही माणसं भांडतात.

आता पुन्हा आपल्या शहरात येऊ. १६१० च्या सुमारास मलिक अंबरने खडकी वसवली. १६२६ मध्ये तिचं फतेहनगर झालं, १६५३ मध्ये औरंगाबाद आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. मुघल काळात बादशहाबरोबर आलेले सरदार इथे राहिले. सरदार एकटा येत नसे. त्याच्यामागे शिपाई, कारागीर, व्यापारी, पुजारी असा सगळा लवाजमा येई, आणि त्या वस्तीला त्याचं नाव पडे. बिकानेरचा राजा कर्णसिंह इथेच राहिला आणि १६६९ मध्ये इथेच वारला. त्याच्या नावाचा करणपुरा, जिथे नवरात्रात देवीची यात्रा भरते. त्याचा मुलगा पद्मसिंह, त्याच्या नावाचा पदमपुरा. जयसिंगपुऱ्याचं नातं आमेरच्या घराण्याशी. त्याच घराण्यातल्या मिर्झाराजे जयसिंगाने १६६५ मध्ये पुरंदरला वेढा घातला होता आणि शिवाजी महाराजांशी तह केला होता. पुरंदर आणि जयसिंगपुरा, एकाच शब्दाची दोन रूपं एका माणसाच्या घराण्याभोवती अशी एकत्र आली आहेत.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. मकाई दरवाजातून बाहेर पडून खाम ओलांडली की बेगमपुरा लागतो, बीबी का मकबरा आहे तो भाग. म्हणजे पुरा शहराच्या कोटाबाहेर! जो शब्द मुळात कोटाचाच होता, तो इथे येईपर्यंत कोट विसरला आणि त्यात फक्त माणसांची वस्ती उरली. तीन हजारांहून अधिक वर्षांचा हा प्रवास आपल्या पत्त्याच्या एका ओळीत असतो.

आज सिडकोत एन-५, एन-७ अशी नावं आहेत. ती सोयीची आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण करणपुरा या नावातून बिकानेरचा माणूस मराठवाड्यात कसा आला, हा प्रश्न निघतो. एन-५ मधून निघत नाही. म्हणून पुऱ्यांची नावं पाटीवर आणि तोंडात टिकायला हवीत. आणि त्या नावांचा अर्थ कोणी केवळ उच्चारावरून सांगू लागलं, मग तो आपल्या अभिमानाला सुखावणारा असो की दुसऱ्याला टोचणारा, तर आपण एवढंच विचारावं : जुन्या कागदात, जुन्या लेखात हे नाव कसं लिहिलं आहे? उत्तर मिळेपर्यंत निष्कर्ष काढायची घाई करू नये. व्हीलर यांच्यासारख्या मोठ्या अभ्यासकाच्या बाबतीत जे झालं, ते आपल्या गल्लीतल्या पाटीबाबतही होऊ शकतं.

आजच्यापुरतं इथेच थांबू.