सहावीच्या दप्तरातला इतिहास

सहावी म्हणजे उच्च प्राथमिक शाळेचे पहिले वर्ष. आपल्याकडे या वर्षी गणितात समीकरणे येतात, भूगोलात अक्षांश-रेखांश, विज्ञानात प्रकाश आणि छाया, इतिहासात प्राचीन भारत. पुस्तके चार, पण त्यांना जोडणारा धागा मुलांना कुणी दाखवत नाही.

ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये शून्याचे नियम मांडले. आठव्या शतकात भारतीय खगोलगणित बगदादला पोहोचले. पुढच्या शतकात तिथेच अल-ख्वारिझ्मीने भारतीय अंकांवर ग्रंथ लिहिला. समीकरणे सोडवण्याच्या त्याच्या ‘अल-जब्र’वरून ‘अल्जिब्रा’ हे नाव आले. इब्न अल-हैसमने अंधाऱ्या खोलीत छोट्या छिद्रातून प्रकाश घेऊन तो सरळ रेषेत जातो हे तपासले. अल-बिरूनी संस्कृत शिकला, नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून पृथ्वीची त्रिज्या मोजली आणि इ.स. १०३० च्या सुमारास भारतावर मोठा ग्रंथ लिहिला.

सातवीत शिवकाळ येतो. तिथे मुसलमान भेटतो तो बहुधा सुलतान किंवा सरदार म्हणून, हातात तलवार घेऊन. लढाया झाल्या, त्या शिकवायलाच हव्यात. पण मुसलमानांशी पहिली ओळखच तलवारीची झाली, तर वर्गातली मुले शेजारच्या बाकावरच्या सलीमकडे त्याच नजरेने पाहू लागतात. सलीमही स्वतःकडे तसेच पाहू लागतो.

यासाठी नवे पुस्तक नको. गणिताच्या बाईंनी समीकरण फळ्यावर लिहिताना ब्रह्मगुप्त आणि अल-ख्वारिझ्मी ही दोन नावे एका दमात घेतली, तरी पुष्कळ झाले.