देखावा आणि वर्णन : मुंबई बंदराची दोन रूपे

जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईत आला. १७९१-९२ मध्ये त्याने मुंबई बेट व परिसराचे जे बारा देखावे रेखाटले, त्यांचा संच त्याच्या मृत्यूनंतर, १८०० साली लंडन येथे प्रसिद्ध झाला. हे देखावे अम्लरेखनाचे, म्हणजेच एचिंगचे असून हाताने रंगविलेले आहेत. तांब्याच्या पत्र्यावरील मेणाचा लेप सुईने खरवडावयाचा, उघड्या पडलेल्या रेषा अम्लाने कोरल्या जाऊ द्यावयाच्या आणि त्यांत शाई भरून ठसा घ्यावयाचा, असे हे तंत्र. डोलकाठ्या आणि दोरखंड यांची बारीक जाळी टिपण्यास ते अनुकूल आहे.

तथापि येथे महत्त्वाची ठरते ती पाहणाऱ्याची जागा. माझगावच्या टेकडीवरील बेल्माँट या निवासस्थानापासून घेतलेल्या देखाव्यांत बंदर उंचावरून दिसते. सुरतेहून १७३५ साली आलेल्या लवजी नुसरवानजी वाडिया यांच्या घराण्यामुळे मुंबईतील जहाजबांधणी त्या काळी नावारूपाला आली होती. परंतु सुताराच्या हातातील वाकस टेकडीवरून दिसणार नाही. अंतरामुळे गजबज निवते आणि निसर्गदृश्य उरते.

गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. जन्माने गोमंतकीय असलेला हा लेखक धक्क्यांवर, बाजारांत आणि निरनिराळ्या जातिधर्मांच्या वस्त्यांत वाचकास हिंडवितो. त्याचे नगर माणसांनी भरलेले आहे.

या दोहोंची तुलना करताना एक सावधगिरी हवी. वेल्सचे देखावे माडगावकरांच्या ग्रंथाशेजारी सजावटीसाठी छापण्याचा मोह होतो. पण दोहोंमध्ये सुमारे सत्तर वर्षे आहेत. १८०३ च्या आगीत कोटातील पुष्कळ वस्ती भस्मसात झाली, १८५३ साली आगगाडी सुरू झाली. वेल्सचे बंदर माडगावकरांनी पाहिलेले नाही. शिवाय देखाव्यातील शांतता हा तत्कालीन मुंबईचा पुरावा मानणे म्हणजे टेकडीच्या उंचीला इतिहास समजणे होय.

एतद्देशीय रेषा तेव्हा नव्हती असेही नाही. पुण्यात गंगाराम तांबट हा वेल्सच्या हाताखाली काम करीत होता. त्याची रेखाटने विशेषतः वेरूळच्या लेण्यांसाठी ज्ञात आहेत. मालकाने कुशल हाताला कोणता विषय नेमून दिला, यावरही काय चित्रित व्हावे हे ठरत असते. मुंबईच्या धक्क्यावरील माणसांना मराठीत सविस्तर स्थान मिळाले, ते पुढे माडगावकरांच्या गद्यात.