अडत्या नक्की कुणाचा माणूस?

'दलाल' हा शब्द आपल्याकडे जवळजवळ शिवी होऊन बसला आहे. 'एजंट' म्हटले तरी लोक नाक मुरडतात. गंमत अशी की, कायद्याने याच माणसावर जेवढी बंधने घातली आहेत, तेवढी साध्या विकणाऱ्यावर किंवा घेणाऱ्यावरही नाहीत.

आपला करार कायदा १८७२ सालचा. त्याचे दहावे प्रकरण (कलमे १८२ ते २३८) सगळे एजंटाविषयी आहे. त्याने तुमच्या वतीने, दिलेल्या अधिकारात राहून केलेला करार तुम्हाला बांधतो, जणू तुम्हीच सही केली. एवढी सत्ता हाती दिली, म्हणून कर्तव्येही कडक. सांगितले तसे वागावे, मन लावून काम करावे, मागताच हिशेब द्यावा, मालकाला अंधारात ठेवून स्वतःच घेणारा होऊ नये. कायद्यात उदाहरणेही दिली आहेत. एकात एजंटाला विकायला दिलेल्या जमिनीत खाण सापडते. ते लपवून तो जमीन स्वतःच घेतो. खरे कळल्यावर मालक ती विक्री मोडू शकतो. माझ्यासारख्या मास्तराला ही उदाहरणे फार आवडतात!

आता आपला अडत्या पाहा. शेतकऱ्याचा माल तो विकून देतो, त्याबद्दल अडत घेतो. म्हणजे तो शेतकऱ्याचा एजंट. पण पूर्वी भाव ठरायचा तो रुमालाखाली. अडत्या आणि खरेदीदार एकमेकांची बोटे दाबत आणि शेतकरी शेजारी नुसता उभा! याला 'हत्ता' म्हणत. १९६२-६३च्या सुमारास वडील गुळाच्या ढेपा पेठेत घालून आले की पट्टी मला वाचायला देत. अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय अशी एकाखाली एक वजाबाकी. गूळ कुणी घेतला, ते मात्र त्यात कधीच नसे. वडिलांनी विचारलेही नाही. पेरणीची उचल ज्याच्याकडून घेतली, त्याच्याकडे हिशेब कोणत्या तोंडाने मागायचा?

व्यापाऱ्यांच्या पेठेत आणखी एक तऱ्हा होती, 'पक्की अडत'. कच्चा अडत्या नुसता मध्यस्थ, पक्का अडत्या मात्र सौद्याची हमी घेई आणि तो सौदा स्वतःच्या अंगावरही ठेवू शके. १९०५ साली मुंबई हायकोर्टाने, सर लॉरेन्स जेंकिन्स मुख्य न्यायाधीश असताना, ठरवले की असा अडत्या गिऱ्हाइकाचा एजंटच नव्हे, तो समोरचा पक्ष. म्हणजे एजंटाची कर्तव्येही त्याला लागू नाहीत. नाव अडत्याचेच, पण नाते पार वेगळे.

बाजाराला शिस्त लावायचे प्रयत्नही जुनेच. १८८६ साली वऱ्हाडात कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्याच्या बाजारांचा कायदा आला आणि १९६३ साली महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा. जुलै २०१६ मध्ये सरकारने फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरवले, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते. शेतकऱ्याचे पैसे वाचले, हे चांगलेच झाले. पण मला प्रश्न पडतो. राबायचे शेतकऱ्यासाठी आणि मेहनताना घ्यायचा खरेदीदाराकडून, मग हा अडत्या नक्की कुणाचा माणूस?

कायद्याचे उत्तर सरळ आहे: ज्याच्या वतीने तो उभा राहतो, त्याचा. वडिलांचा हिशेब मागायचा हक्क १८७२ पासून कागदावर होताच. मागण्याइतकी मोकळीक तेवढी नव्हती. उचलीचे ओझे मानेवर असले की कलम २१३ काय कामाचे?

असो. तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुन्या पट्ट्या असतील तर रद्दीत घालू नका. वजाबाकीची ओळ न् ओळ वाचा, इतिहास तिथेही असतो.